पोस्टवर नाव कुणाचं?

गेल्या अंकात मी विचारलं होतं, कामाच्या ठिकाणी मोबाइलमुळे काय बदललं ते कळवा. मला वाटलं होतं, पत्रं पगार-बढतीची येतील. आली ती बहुतेक नावाची. कुणाचं नाव गाळलेलं, कुणाचं बदनाम झालेलं, कुणाचं भलत्याच जागी टाकलेलं. त्यातली चार पत्रं घेते. पहिल्या दोघांना जागा जास्त लागेल.

प्रश्न : ताई, मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, वय ३१. आम्ही पाच जणांनी आठ महिने खपून एका बँकेच्या ग्राहकांसाठी तक्रार नोंदवायची नवी व्यवस्था उभी केली. निम्मा भाग माझा. ती सुरू झाली त्या रात्री आमच्या मॅनेजरनी लिंक्डइनवर स्वतःचा फोटो टाकून 'मी उभी केलेली व्यवस्था' असं लिहिलं. आमच्यापैकी एकाचंही नाव नाही. खाली चारशे अभिनंदनं आहेत. मी एक कॉमेंट लिहून ठेवली आहे, अजून टाकलेली नाही. टाकू का? (वाचक, पुणे)

उत्तर : टाकू नका. त्या चारशे लोकांना तुमचं काम काय होतं ते त्या कॉमेंटमधून कळणार नाही, भांडण तेवढं कळेल. पण गिळूनही टाकू नका. अशी गोष्ट पोटात राहिली की पुढच्या कामात हात आखडतो, हे मी पाहिलं आहे.

या आठवड्यात मॅनेजरकडे दहा मिनिटं मागा. एक पान सोबत न्या. कुठला भाग, कुणी, कुठल्या महिन्यात केला, एवढंच त्यावर. आणि म्हणा, "सर, पोस्ट पाहिली. त्यात आपल्या पाच जणांची नावं घालाल का?" लिंक्डइनवरची पोस्ट टाकल्यानंतरही दुरुस्त करता येते. त्यांना चूक कबूल करायला लावू नका, दुरुस्तीची वाट दाखवा. पुष्कळ माणसं तेवढ्यावर बदल करतात, कारण पुष्कळदा नावं विसरलेली असतात. ती मुद्दाम गाळलेली नसतात. नाहीच केला बदल, तर त्याच संध्याकाळी त्यांना ई-मेल करा. 'आज बोलल्याप्रमाणे' अशी सुरुवात, खाली पाच नावं आणि पाच कामं. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात तो कागद तुमच्या बाजूने उभा राहील. मग तुमच्या खात्यावर तुमची पोस्ट लिहा. अडचण काय होती, तुम्ही काय केलं, कुठे अडलात, आणि बाकी चौघांची नावं. बँकेचं नाव आणि आकडे परवानगीशिवाय लिहायचे नाहीत. कंपनीची सोशल मीडियाची नियमावली आधी वाचून घ्या.

पुराव्यानिशी मागितलेलं नाव मिळतं याचं एक उदाहरण ताजंच आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने जे सँडल दाखवले, ते पाहून कोल्हापुरातल्या माणसाला ओळख पटायला क्षणही लागला नाही. कोल्हापूरचा उल्लेख मात्र कुठे नव्हता. समाजमाध्यमांवर संताप उसळला, शिव्याही पडल्या. पण काम झालं ते नेमकं बोलणाऱ्यांमुळे. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागाचीच वस्तू अशी सरकारी नोंद आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांचा तो वारसा आहे, कातडं कसं कमावतात, वेणी कशी घालतात, हे लोकांनी फोटोंसह मांडलं. महाराष्ट्राच्या व्यापारी चेंबरने कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं, आणि वर्षअखेरीस दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. तुमचं एक पान म्हणजे तुमचा तोच पुरावा.

आता तुमच्या मॅनेजरच्या जागी बसलेल्या वाचकांसाठी माझी गोष्ट सांगते. २००६ साली मी मुंबईत लोअर परळला एका जाहिरात कंपनीत लेखन विभाग सांभाळत होते. एका लोणच्याच्या जाहिरातीची ओळ माझ्या हाताखालच्या तेवीस वर्षांच्या, परभणीहून आलेल्या मुलाने लिहिली. क्लायंटसमोर ती मी वाचली. ते टेबलावर थाप मारून म्हणाले, "वा बाई, काय लिहिलंय!" मुलगा माझ्या मागे भिंतीला टेकून फाइल धरून उभा होता. "ही याची ओळ आहे," एवढंच म्हणायचं होतं. मी हसून 'थँक्यू' म्हटलं. नंतर सांगू असं मनात होतं, आणि ते नंतर कधी आलंच नाही. त्या दिवसानंतर तो बैठकीत बोलेनासा झाला. काही विचारलं की "बघतो मॅडम." आठ महिन्यांनी नोकरी सोडून गेला, आणि त्या आठ महिन्यांत त्याने मनापासून लिहिलेलं एक वाक्य मला आठवत नाही. दोन वर्षांनी मी त्याला पत्र लिहून माफी मागितली. क्लायंटलाही फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या मुलाचं उत्तर दोन ओळींचं होतं : "मॅडम, ती जाहिरात मी आईला दाखवली होती. माझी आहे हे तिला खरं वाटलं नाही."

म्हणून मॅनेजर मंडळींना हात जोडून सांगते, सहकाऱ्यांची नावं पोस्टच्या पहिल्या ओळीत लिहा. लिंक्डइनवर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं उघडून वाचावं लागतं. शेवटी 'सर्व टीमचे आभार' लिहिलेलं कुणी वाचत नाही, आणि त्यात कुणाच्या आईला आपलं मूल सापडत नाही.

प्रश्न : मॅडम, देवगड तालुक्यात माझी हापूसची बाग आहे, वय ५४. दोन वर्षं पुतण्या इन्स्टाग्रामवरून पुण्या-मुंबईला थेट पेट्या पाठवतो. गेल्या हंगामात कोथरूडच्या एका बाईंनी कापलेल्या आंब्यातला साका दाखवून 'देवगडच्या नावाखाली फसवणूक' असा व्हिडिओ टाकला. हजारो लोकांनी पाहिला, सात ऑर्डरी रद्द झाल्या. पुतण्या म्हणतो, त्यांना ब्लॉक करू, दहा हजार फॉलोअर विकत घेऊ, आणि पुण्यातल्या एका खाण्याचे रील करणाऱ्याला दोन पेट्या आणि पैसे देऊन चांगलं बोलायला लावू. मला पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही. (बागायतदार, सिंधुदुर्ग)

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. तिन्ही गोष्टी करू नका.

माझे वडील साताऱ्यात खण आळीत एका कापडाच्या दुकानात कामाला होते. पातळ उलगडून दाखवताना कुठे धागा ओढलेला असेल तर त्यावर स्वतः बोट ठेवायचे. "वहिनी, हा दोष बघा. चालत असेल तर दोन रुपये कमी घेतो." मालक सुरुवातीला रागावायचे. पुढे बायका दुकानात आल्या की वडिलांनाच शोधायच्या. जाहिरात क्षेत्रात सत्तावीस वर्षं काढली, पण ग्राहकाच्या आधी दोषावर आपण बोट ठेवायचं ही युक्ती मला तिथे कुणी शिकवली नाही. ती घरातूनच आली.

साका म्हणजे काय हे तुम्ही लहानपणापासून जाणता. गर आतून पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस होतो. वरून फळ केशरी, सुवासिक, देखणं. कापेपर्यंत तुम्हालाही कळत नाही. हापूसची ही खोड इतकी जुनी आहे की कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ मध्ये 'रत्ना' ही जात दिली, तिचा एक गुणच साका न होणं हा सांगतात. पण कोथरूडच्या त्या बाईंना यातलं काय ठाऊक असणार? त्यांनी हजारभर रुपये मोजले, पाहुण्यांसमोर आंबा कापला, आतून पांढरा निघाला. त्यांना फसवल्यासारखं वाटलं, आणि त्यांच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. हे त्यांना आधी सांगायचं काम आपलं होतं.

तेव्हा पुतण्याला मोबाइल धरू द्या आणि बोला तुम्ही. तुमच्या बोलीत बोला, पुण्याची भाषा करायला जाऊ नका. बागेत बसून दोन आंबे कापा, एक निर्दोष आणि एक साक्याचा. दोन्ही फोडी शेजारी ठेवून सांगा हा काय प्रकार आहे, का होतो, आणि तुम्ही काय काळजी घेता. फळ झाडावर जास्त पिकू न देता काढता, काढलेलं फळ उन्हात आणि तापलेल्या जमिनीवर ठेवत नाही, आढी कशी घालता. शेवटी म्हणा, "इतकं करूनही एखादं निघतं. निघालं तर फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत जास्त घालीन, नाहीतर पैसे परत." हीच चार वाक्यं छापून चिठ्ठी प्रत्येक पेटीत घाला. पाच डझनांच्या पेटीत साठ फळं. त्यातली दोन-तीन बदलून द्यावी लागली तरी त्या रीलवाल्यापेक्षा स्वस्तात पडेल.

बाईंना ब्लॉक केलंत तर व्हिडिओ तसाच राहील, फक्त तुमचं उत्तर तिथे नसेल. त्याच व्हिडिओखाली, स्वतःच्या नावाने, असं काहीतरी लिहा : 'ताई, ही बाग माझी आहे. तुम्हाला आलेल्या आंब्यात साका निघाला, त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. हा दोष बाहेरून दिसत नाही, पण तो मी तुम्हाला आधी सांगायला हवा होता. यंदाच्या पहिल्या तोड्यातली एक डझन फळं तुमच्या घरी पाठवतो.' त्याबदल्यात व्हिडिओ काढा अशी अट घालू नका. वाचणारे व्हिडिओबरोबर उत्तरही वाचतात.

विकत घेतलेले दहा हजार लोक एकही पेटी घेणार नाहीत. इन्स्टाग्राम अशी खोटी खाती अधूनमधून काढूनही टाकतं. त्यापेक्षा ज्यांनी दोन वर्षं तुमचा आंबा खाल्ला त्यांची यादी व्हॉट्सॲप बिझनेसवर करा. तिथे ब्रॉडकास्टचा निरोप ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच पोचतो, म्हणून चिठ्ठीवर 'हा नंबर साठवून ठेवा' हेही छापा. मोहोर आला की एक फोटो, फळ धरलं की एक, पाऊस नको तेव्हा पडला तर तोही. मार्चमध्ये तुमच्या झाडाची काळजी करणारा ग्राहक एप्रिलमध्ये एक साक्याचा आंबा समजून घेतो.

रीलवाल्याचं स्पष्ट सांगते. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम केले आहेत. पैसे घेतले असोत किंवा नुसती पेटी फुकट घेतलेली असो, ती जाहिरात आहे असं रीलमध्ये ठळक दिसलं पाहिजे. ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळीच दहा लाखांपर्यंत दंड आहे.

तुमच्या खात्यावर आणखी दोन गोष्टी असतील तर तपासा. 'जीआय मानांकित' लिहिलं आहे का? कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, पण ते शब्द वापरायला आपली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नसेल तर तालुक्यातल्या उत्पादक संस्थेत जाऊन ती आधी करा. दुसरं, 'कार्बाइडमुक्त' असं मोठ्या अक्षरात लिहू नका. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदीच आहे. त्याऐवजी तुमची गवताची आढी दाखवा.

आणि पुतण्याला रागावू नका. त्याला सुचलं ते त्याने सांगितलं, आजूबाजूला सगळे तेच करताना तो पाहतो. दलालाला टाळून दोन हंगाम पेट्या थेट घरोघर गेल्या त्या त्याच्यामुळे. धंद्यात त्याचा वाटा काय, तो महिना किती घेणार, हे बसून ठरवा. चिठ्ठीवर तुमच्या नावाखाली त्याचंही नाव येऊ दे.

प्रश्न : नमस्कार ताई. मी नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. मुलं घरी पावरी बोलतात. मी अंकांची गाणी पावरी आणि मराठीत करून रील टाकते, बावीस हजार लोक पाहतात. मुख्याध्यापक म्हणतात, शासनाचा नवा निर्णय आलाय, खातं बंद करा. शिवाय एका शिकवणी ॲपवाल्यांनी एका रीलचे पंधरा हजार देऊ केलेत. काय करावं? (शिक्षिका, नंदुरबार)

उत्तर : बाई, तुमचं काम फार मोलाचं आहे. ते बंद पडू नये म्हणूनच नियम नीट पाहू. जुलै २०२५ चा, समाजमाध्यमांच्या वापराबद्दलचा तो निर्णय स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. खातं ठेवू नका असं त्यात नाही. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, वैयक्तिक खात्यावर पदनाम, बोधचिन्ह, सरकारी इमारत वगैरे रीलमध्ये वापरू नका, आणि सरकारी धोरणावर टीका करू नका, असं त्यात आहे. वर्गात काढलेलं रील तुमच्या वैयक्तिक खात्यावर, ही मुख्याध्यापकांची खरी अडचण आहे. उद्या नोटीस आली तर उत्तर त्यांनाही द्यावं लागेल.

त्यावर उपाय म्हणजे शाळेच्या नावाचं खातं. मुख्याध्यापकांना सोबत घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा आणि लेखी परवानगी घ्या. बदली झाली की खातं शाळेकडे राहील हेही अर्जात लिहा. मुलांचे चेहरे शक्यतो नकोत. बिया मोजणारे हात, फळा आणि आवाज पुरतात. चेहरा घ्यायचाच असेल तर पालकसभेत, पालकांच्या भाषेत समजावून, प्रत्येकाची लेखी संमती घ्या. गाणं एखाद्या मुलाच्या आजीने सांगितलेलं असेल तर तिला विचारून तिचं आणि पाड्याचं नाव रीलखाली लिहा. पावरीत जे लिहून ठेवलेलं नाही ते अशा नावांमुळे टिकेल.

पंधरा हजारांना नाही म्हणा. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या १९६७ च्या वर्तणूक नियमांत पूर्वपरवानगीशिवाय दुसरा धंदा करता येत नाही, आणि वर्गातल्या मुलांचा आवाज ॲपच्या जाहिरातीला देण्याचा अधिकार तुमच्याकडे नाहीच.

प्रश्न : ताई, मी चाकणला कारखान्यात आहे, वय २७. दोन महिन्यांपूर्वी लाइन लीडर झालो, हाताखाली बावीस जण. वरिष्ठ सांगतात, माल रिजेक्ट झाला की ग्रुपवर फोटो टाक, करणाऱ्याचं नाव टाक, रात्रीसुद्धा टाक, म्हणजे वचक बसतो. परवा एका पोराला मी तसं झापलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. (वाचक, खेड तालुका)

उत्तर : बाळा, फोटो टाक, नाव टाकू नकोस. नाव टाकायला लागलास की महिन्याभरात रिजेक्ट माल कमी झालेला दिसेल, कारण तो लपवला जाईल. कुणी दुसऱ्याच्या पेटीत सरकवेल, कुणी तसाच पुढे ढकलेल, आणि तुला कळेल ते थेट ग्राहकाकडून परत आल्यावर. मी सांगलीला मसाल्याच्या कंपनीत होते तेव्हा पॅकिंगला नेमकं हेच झालं होतं. काय चुकलं ते मशीनपाशी, त्या एकट्याला, हातात पार्ट धरून दाखव.

ग्रुपवर नाव टाकायचं ते चांगल्या कामाचं. सहा नंबरवर ड्रिल तुटायच्या आधी कुणी आवाज ओळखला, कुणी आजारी माणसाची जागा भरून काढली, हे पाळी संपताना लिही. आणि रात्री लिहू नकोस. पहिल्या पाळीची माणसं बससाठी पहाटे साडेचारला उठतात. कामाच्या वेळेनंतर निरोप न घेण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, कायदा झालेला नाही. तुझ्या बावीस जणांसाठी तू तो नियम आजपासून पाळू शकतोस. वरिष्ठांना महिन्याचा रिजेक्टचा आकडा दाखव, वचकाचं त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

त्या पोराकडे आज पाळी सुरू व्हायच्या आधी जा. एकट्यात माफी मागून भागणार नाही, झापलंस ते सगळ्यांसमोर. ग्रुपवरच लिही : 'परवाचा माल माझ्याही तपासणीतून गेला होता. मी पकडायला हवा होता.' आणि खाली तुझं नाव लिही.